डेटाबेसची शर्यत आणि गप्प बसण्याची अट

ऑरॅकलच्या परवान्यातलं एक कलम प्रसिद्ध आहे. आमच्या डेटाबेसचा वेग खुशाल मोजा, पण परवानगीशिवाय आकडे छापू नका! त्याला ‘डीविट कलम’ म्हणतात. 1983 मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात डेव्हिड डीविट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या रिलेशनल डेटाबेसना सारखेच प्रश्न घातले आणि कुणाला किती वेळ लागला ते नावानिशी प्रसिद्ध केलं. त्यात ऑरॅकल मागे पडला. कंपनीचे प्रमुख लॅरी एलिसन यांनी विभागप्रमुखांना फोन करून आपल्याला काढून टाकायला सांगितलं, असं डीविट सांगतात. नोकरी वाचली, पण परवान्यात कलम आलं आणि इतर कंपन्यांनीही त्याचा कित्ता गिरवला. ग्राहकाने माल पारखावा पण तोंड उघडू नये, ही अट आजही खपवून घेतली जाते, याचं नवल वाटतं.

मोजायचं तर काय मोजायचं? याचं एक उत्तर 1 एप्रिल 1985 च्या ‘डेटामेशन’ मासिकात आलं. लेख निनावी होता, पण त्यामागे जिम ग्रे होते, पुढे 1998 चं ट्युरिंग पारितोषिक मिळवणारे. त्यांनी कागदावर एक बँक उभी केली: 1,000 शाखा, 10,000 रोखपाल, 1 कोटी खाती आणि सेकंदाला 100 व्यवहार. त्यातले 95 टक्के व्यवहार सेकंदाच्या आत उरकले पाहिजेत. शिवाय यंत्रणेचा पाच वर्षांचा खर्चही मांडायचा. या चाचणीत मला हाच भाग सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण पैसा ओतून वेग विकत घेता येतो.

1988 मध्ये कंपन्यांनी मिळून ‘टीपीसी’ ही परिषद स्थापली. तिच्या दोन चाचण्या विशेष गाजल्या. ‘टीपीसी-सी’त गोदामांच्या ऑर्डरी धडाधड नोंदवल्या जातात, तर ‘टीपीसी-एच’मध्ये व्यापाराच्या साठलेल्या माहितीला 22 अवघड प्रश्न विचारले जातात. एकीत पहिला येणारा डेटाबेस दुसरीत सपशेल आपटू शकतो. त्याचं कारण साठवणीत आहे.

‘टीपीसी-एच’मधल्या सर्वांत मोठ्या तक्त्याला 16 रकाने असतात आणि चाचणीच्या अगदी लहान, सुमारे एक जीबीच्या आकारातही 60 लाख ओळी. सहावा प्रश्न साधारण असा: अमुक वर्षातल्या, अमुक सवलतीच्या, कमी नगांच्या विक्रीवर सवलत दिली नसती तर उत्पन्न किती वाढलं असतं? त्याला लागतात फक्त चार रकाने: तारीख, सवलत, नग आणि किंमत. माहिती ओळीओळीने ठेवली असेल, तर डिस्कवरून बाकीचे बाराही उगाच वाचावे लागतात. रकान्यारकान्याने ठेवली, तर ते बारा बाजूलाच राहतात. वर, एका रकान्यातली माहिती एकसारखी असते. माल परत आला का, हे सांगणाऱ्या रकान्यात तीनच अक्षरं आलटूनपालटून येतात, त्यामुळे तो दाबून अगदी लहान करता येतो. पार्के ही फाइल-पद्धत आणि ॲम्स्टरडॅमच्या संशोधन संस्थेत जन्मलेला डकडीबी यांची करामत हीच.

मग सगळंच रकान्यांत का ठेवू नये? कारण नवी ऑर्डर आली की तिचे तुकडे सोळा ठिकाणी पेरावे लागतात. एखादं खातं काढून शिल्लक बदलायची, तर ओळच बरी. म्हणून पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, एसक्यूलाइट आपलं काम ओळींत करतात. सीएसव्ही ही साधी मजकूर-फाइलही ओळींचीच. ती कुठेही उघडते, पण तिच्यात अंक अक्षरांच्या रूपात असतात. प्रत्येक वाचनात त्यांचे पुन्हा अंक करावे लागतात. देवाणघेवाणीला ती ठीक आहे, रोजच्या विश्लेषणाला नाही.

ठरावीक प्रश्नांच्या चाचणीत पळवाटाही निघतात. परिषदेच्याच आधीच्या ‘टीपीसी-डी’ या चाचणीचे प्रश्न आधीच माहीत असल्याने उत्तरं अगोदर मोजून ठेवण्याची सोय डेटाबेसमध्ये आली आणि ती चाचणी निरर्थक झाली. 1999 मध्ये तिच्या जागी ‘टीपीसी-एच’ आली.

घरच्या मोजणीतला घोटाळा मात्र निरागस असतो. पहिल्यांदा प्रश्न विचारला की माहिती डिस्कवरून येते. लगेच पुन्हा विचारला तर ती मेमरीत तयारच असते. एका डेटाबेसचा पहिला आकडा दुसऱ्याच्या दुसऱ्या आकड्याशेजारी ठेवला, की हवा तो विजेता काढता येतो.