पावसाळा, मधुमेह आणि न सांगितलेले दुखणे

अलिबागचा पावसाळा पाहुण्यांना मोहक वाटतो. घर चालविणाऱ्या स्त्रीला मात्र तो चार महिने वाळत न पडणाऱ्या कपड्यांचा हिशेब मांडावयास लावतो. समुद्रकाठची हवा जूनपासून सप्टेंबरपर्यंत ओलीच असते. दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस दमट राहतात आणि अखेर तसेच अंगावर चढतात. थळ-वरसोलीपासून रेवदंड्यापर्यंत कोणत्याही घरात हेच चित्र दिसते. या ओलाव्यात मधुमेह आणि वाढलेले वजन यांची भर पडली, की स्तनांखालच्या घडीत एक दुखणे मूळ धरते. त्याविषयी स्त्रिया बहीण-भावजयीशीदेखील बोलत नाहीत.

वैद्यकात या दुखण्यास ‘इंटरट्रायगो’ म्हणतात. त्वचेवर त्वचा घासते, मध्ये घाम साचतो, वारा लागत नाही. कातडी ओलसर होऊन सोलवटते. प्रारंभी केवळ लाली आणि चरचर असते. पुढे ‘कॅन्डिडा’ नावाची बुरशी तेथे वस्ती करते. मग चट्टा गडद लाल व ओलसर होतो, कडेला टाचणीच्या डोक्याएवढ्या बारीक पुळ्या उमटतात, घडीच्या तळाशी भेग पडते, कधी वास येतो. सावळ्या त्वचेवर ही लाली काळपट वा जांभळट दिसते, म्हणून ती सहज नजरेतून सुटते.

मधुमेहाचा येथे संबंध काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली, की जंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशींचे बळ घटते. बुरशीला मात्र ही परिस्थिती मानवते. म्हणूनच वारंवार उलटणारी अशी पुरळ ही पुष्कळदा न ओळखलेल्या मधुमेहाची पहिली वर्दी असते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख, तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची सुमारे १३ कोटी ६० लाख अंदाजिली आहे. तेव्हा ही काही मोजक्या घरांची गोष्ट नव्हे.

औषध लावूनही पुरळ परत येत असेल, तर ‘एचबीए१सी’ ही तपासणी करून घ्यावी. बोटाच्या टोकावर पाहिलेली साखर ही दिवसअखेरची रोख शिल्लक होय; एचबीए१सी हा गेल्या दोन-तीन महिन्यांचा ताळेबंद असतो. एका दिवसाच्या शिलकीवर समाधान मानणारा हिशेबनीस पुढे अडचणीत येतो, तसेच येथेही घडते.

खरे नुकसान रोगापेक्षा संकोचाने होते. स्त्री डॉक्टरकडे जात नाही; मुलाला वा यजमानांना ‘खाजेचे मलम’ आणावयास सांगते. औषधविक्रेत्यास जागा कोणती, साखर किती, काहीच ठाऊक नसते. हाती येते ती बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि तीव्र स्टेरॉइड यांच्या मिश्रणाची नळी. दोन दिवसांत खाज थांबते आणि औषध गुणकारी ठरते! वास्तविक स्टेरॉइडने केवळ दाह दडपलेला असतो. बुरशी आतून पसरते, आणि घडीतली कातडी आधीच नाजूक असल्याने ती पातळ होऊन तिच्यावर कायमचे वळ उठतात. देशभर चिवट झालेल्या नायट्या-गजकर्णामागे हीच मिश्रणे असल्याची तक्रार त्वचारोगतज्ज्ञ वर्षानुवर्षे करीत आले आहेत. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमे चिठ्ठीवाचून विकू नयेत, असा नियम केला. नियम कागदावर आहे. दुकानाच्या फळीवर त्याचा वचक कितपत आहे, हे वाचक जाणतातच.

उपचार तसे साधे आहेत. रोज स्नानानंतर आणि घाम आल्यावर ती जागा सौम्य साबणाने धुवावी, न घासता मऊ पंचाने टिपावी आणि पंख्याच्या वाऱ्यावर पूर्ण कोरडी होऊ द्यावी. केस वाळविण्याचे यंत्र थंड झोतावर ठेवून वापरले तरी चालते. घडीत धुतलेल्या जुन्या मलमलीची घडी ठेवल्यास घाम टिपला जातो. ती ओली होताच बदलावी. अंतर्वस्त्र सुती, रुंद पट्ट्याचे व मापाचे असावे, आणि पावसाळ्यात ते इस्त्री फिरवून पूर्ण सुकवूनच अंगावर घालावे. रात्री ते काढून झोपल्यास त्वचेला हवा मिळते. डॉक्टरांनी क्लोट्रिमॅझोलसारखे बुरशीनाशक मलम दिले, तर खाज थांबली म्हणून ते मध्येच सोडू नये; सांगितलेले दिवस पुरे करावेत. वयामुळे वाकून दिसत नसेल, तर हातआरसा धरावा किंवा लेकी-सुनेची मदत घ्यावी. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

कोकणात प्रत्येक दुखण्यावर खोबरेल तेल चोळण्याची रीत आहे. कोरड्या त्वचेला ते चांगले. ओल्या घडीत मात्र ते घाम कोंडते. सुवासिक पावडर घामात भिजून गोळे धरते आणि अधिक घासते. निर्जंतुक द्राव, लिंबू वा कच्ची हळद यांनी सोलवटलेली त्वचा भाजल्यासारखी होते.

काही लक्षणांना मात्र थांबायला सवड देऊ नये. ताप, पसरत जाणारी गरम लाली, पू, तीव्र वेदना असल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. मधुमेहात जिवाणूंचा संसर्ग झपाट्याने वाढतो. उपचारानंतरही न हटणारा एकाच बाजूचा चट्टा, स्तनाग्रावरील खपली वा स्राव, गाठ, संत्र्याच्या सालीसारखी झालेली त्वचा, यांना पुरळ समजून मलम लावीत बसू नये. ही कर्करोगाची लक्षणे असू शकतात.

अलिबागेत जिल्हा सामान्य रुग्णालय आहे, आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. पहिल्या तपासणीसाठी मांडव्याहून बोट धरून मुंबई गाठण्याची आवश्यकता नाही. गावोगावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांतून ३० वर्षांवरील व्यक्तींची मधुमेह, रक्तदाब आणि स्तनाच्या कर्करोगासाठी तपासणी करण्याची सरकारी योजना आहे. पुरुष डॉक्टरांपुढे संकोच वाटत असेल, तर स्त्री डॉक्टर वा परिचारिका मागून घेता येते. जाताना साखरेच्या गोळ्यांची चिठ्ठी आणि आजवर लावलेल्या साऱ्या मलमांच्या नळ्या सोबत न्याव्यात, रिकाम्या असल्या तरी.