संगम, समिती, संयुग: लढाईची हरवलेली नावं

शाळेत रसायनशास्त्राच्या तासाला आपण शिकलो, की मीठ हे सोडियम आणि क्लोरीन यांचं संयुग आहे. गावात, शाळेत, सरकारात जागोजागी समित्या असतात. कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन एकमेकींना भेटतात, त्या जागेला आपण प्रीतिसंगम म्हणतो. आता सांगा, संयुग, समिती आणि संगम या तिघांत समान काय आहे?

एके काळी या तिन्ही शब्दांचा एक अर्थ लढाई असा होता!

त्याचा दाखला आहे निघंटूत. निघंटू म्हणजे वेदांतल्या शब्दांची प्राचीन यादी. यास्कानं तिच्यावर ‘निरुक्त’ हे भाष्य लिहिलं, त्यालाही सुमारे अडीच हजार वर्षं झाली. या यादीत शब्द अर्थानुसार एकत्र ठेवले आहेत. पाण्याची नावं एकीकडे, रात्रीची दुसरीकडे, वाणीची तिसरीकडे. दुसऱ्या अध्यायात येतात संग्रामाची नावं. किती? तब्बल 46! वाचत जावं तसे डोळे विस्फारतात, कारण त्यांतली डझनाहून अधिक नावं एकाच उपसर्गानं सुरू होतात, ‘सम्’. सम् म्हणजे एकत्र. समिती म्हणजे एकत्र येणं, संगम म्हणजे एकत्र जाणं, संयुग म्हणजे जोडलं जाणं. एवढ्या प्रेमळ शब्दांत ही माणसं रक्तपाताबद्दल बोलत होती?

उत्तर ‘संग्राम’ या शब्दातच दडलेलं आहे. सम् अधिक ग्राम. आपल्याला वाटतं ग्राम म्हणजे गाव: वेस, पार, विहीर, एका जागी वसलेली घरं. पण वेदकाळी ग्राम म्हणजे मुळात माणसांचा जथा. विल्हेल्म राऊ या जर्मन अभ्यासकानं वैदिक वाङ्मयातले उल्लेख तपासून दाखवलं, की हा ग्राम पुष्कळदा चालता असे. गाड्या, गुरं, बायकामुलं असा सगळा तांडाच. ग्राम म्हणजे समूह हा अर्थ तर आपण अजून जपला आहे. संगीतातला षड्जग्राम हा स्वरांचा समूह, गीतेतला इंद्रियग्राम हा इंद्रियांचा. आता असे दोन जथे एकाच कुरणाकडे, एकाच नदीच्या उताराकडे निघाले तर? उन्हाळ्यात दोन वस्त्या एकाच टँकरपाशी हंडे घेऊन पोचल्या की काय होतं, ते आपल्याला सांगायला नको. दोन ग्राम एकत्र आले, म्हणजेच संग्राम झाला. भेट आणि भांडण यांना वेगळे शब्द लागलेच नाहीत.

भांडण कशावरून, हेही ही नावंच सांगतात. यादीत ‘महाधन’ आहे, मोठं धन किंवा मोठं बक्षीस. ‘वाज’ आहे, म्हणजे जिंकून आणायचं बळ आणि वैभव. ऋग्वेदात लढाईला ‘गविष्टि’ असाही शब्द येतो. त्याचा सरळ अर्थ गाईंची इच्छा! गुरं पळवणं आणि गुरं सोडवणं हीच लढाई. आपल्याकडच्या जुन्या देवळांच्या आवारात वीरगळ बघा. कित्येकांवर लढणाऱ्या वीराजवळ गाई कोरलेल्या दिसतात. वेदांनंतर कित्येक शतकांनी घडलेल्या त्या दगडांवरही गविष्टि संपलेली नाही.

यादीत ‘खल’सुद्धा आहे. खल म्हणजे आपलं खळं, मळणीचं. ऋग्वेदातला इंद्र शत्रूंना खळ्यावरच्या पेंढ्यांसारखं झोडपतो, असं एका सूक्तात येतं. शेतकऱ्याच्या कामातून लढाईला नाव मिळालं.

आणि मग येतो तो शब्द, ज्याच्यापाशी मी तरी दर वेळी थबकते: ‘ममसत्य’. मम सत्य. माझंच खरं! लढाईचं हे नाव कुणा कवीनं लाडानं ठेवलेलं नाही. ते ऋग्वेदात दहाव्या मंडलात आलेलं आहे आणि निघंटूकारानं ते इतर नावांच्या रांगेत गुपचूप बसवून दिलं आहे. शस्त्र नाही, रक्त नाही, घोडे नाहीत. दोन्ही बाजूंच्या तोंडी असलेलं एकच वाक्य उचललं आणि त्याचं नाम केलं. युद्धाची याहून नेमकी व्याख्या मला माहीत नाही.

पुढे राज्यं उभी राहिली आणि चित्र उलटलं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात परराष्ट्र धोरणाचे सहा मार्ग आहेत, त्यांतले पहिले दोन संधी आणि विग्रह. संधी म्हणजे जोड, तीच शांतता. विग्रह म्हणजे वेगळं होणं, तेच युद्ध. आता सीमा होत्या, दूत होते, करार होते. एकत्र येणं म्हणजे तह ठरला. कोकणच्या शिलाहारांच्या ताम्रपटांत महासांधिविग्रहिक नावाचा मोठा अधिकारी भेटतो, तो याच दोन गोष्टी सांभाळणारा. व्याकरणाच्या तासाला मुलं आजही संधी सोडवतात आणि समासाचा विग्रह करतात.

मराठीनं तर आणखी एक गंमत केली. मोर्चा हा फारसीतून आलेला शब्द. किल्ल्याला वेढा पडला की तोफांसाठी, बंदुकांसाठी जी आडोशाची जागा तयार करत, ती मोर्चा. मोर्चे ‘लावत’, मोर्चे ‘बांधत’. तो जागचा हलत नसे. आज मोर्चा ‘निघतो’, मैलोन्‌मैल चालतो, 2016 मध्ये तर मराठा समाजाचा मूक मोर्चा लाखोंच्या संख्येनं एक घोषणाही न देता चालला. जुनं क्रियापद मात्र ‘मोर्चेबांधणी’त शाबूत आहे. तसंच आघाडीचं. लष्कराच्या अगदी पुढच्या, पहिला वार झेलणाऱ्या फळीला आघाडी म्हणत. आज चार पक्ष हातात हात घालून उभे राहिले की आघाडी होते. संग्राम जमावाकडून लढाईकडे गेला, मोर्चा आणि आघाडी लढाईकडून जमावाकडे आल्या. जागावाटपावरून आघाडीची बैठक फिसकटली, प्रत्येक पक्ष माझंच खरं म्हणू लागला, की वर्तमानपत्रं मथळा देतात, ‘आघाडीत बिघाडी’. निघंटूकार असता तर त्यानं तिथे 46 पैकी कोणतंही नाव बिनदिक्कत वापरलं असतं.