दाब दोन्ही टोकांना लागतो

छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीच्या हौदाशी उभं राहिलं, की डोंगराकडचं पाणी मातीच्या नळांतून इथवर आणणाऱ्यांचं कौतुक वाटतं. नळ जमिनीखालून येतात. वाटेत बांधीव मनोऱ्यांतून पाणी वर चढतं, पुन्हा खाली उतरतं. मातीचा नळ किती दाब सोसेल, याचं भान त्या कारागिरांना होतं.

शरीरात दाबाचा असा सांभाळ महाधमनी करते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी ती किंचित फुगते, धक्का पोटात घेते आणि पुढे संथ प्रवाह सोडते. बीपी वर्षानुवर्षं वाढलेलं राहिलं, की ती ताठर होते. मग त्रास दोन्ही टोकांना होतो: अलीकडे हृदयाला, पलीकडे मेंदूला.

हृदयाचा डावा खालचा कप्पा दिवसाला सुमारे एक लाख वेळा रक्त ढकलतो. समोरचा दाब वाढला, की त्याचा स्नायू जाड होत जातो. एरवी साधारण १० मिलिमीटरच्या आत असणारी भिंत १२-१४ मिलिमीटरवर पोहोचते. तालमीत कमावलेल्या दंडाची ताकद या जाडीत नसते. भिंत ताठ होते, दोन ठोक्यांच्या मधे कप्पा नीट सैल पडत नाही. टू-डी इकोच्या रिपोर्टवर ‘एलव्हीएच’ लिहिलेलं असतं, ते हेच.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के. ऑक्सिजन मात्र त्याला २० टक्के लागतो. त्याच्या खोल भागात रक्त नेणाऱ्या धमन्या केसासारख्या बारीक असतात. धक्के सोसून त्यांच्याही भिंती जाड होतात, वाट अरुंद होते. एमआरआयमध्ये तिथे पांढरे डाग दिसू लागतात. सुरुवातीला नावं-गावं आठवतात, पण विचाराचा वेग मंदावतो: हिशेबाला वेळ लागतो, दोन कामं एकदम जमत नाहीत. घरचे म्हणतात, ‘आता वय झालं.’

हे दोन धागे जुळतात, याचा पुरावा अमेरिकेतल्या ‘मेसा’ अभ्यासातून मिळाला. हृदयविकार नसलेल्या ६,८१४ जणांना २००० ते २००२ या काळात त्यात घेतलं गेलं. त्यांच्यापैकी सुमारे ५,००० जणांच्या हृदयाचा एमआरआय झाला. ज्यांच्या डाव्या कप्प्याचा स्नायू जाड होता, त्यांच्यात पुढे डिमेन्शियाचं प्रमाण जास्त आढळलं. रक्तदाबाचा हिशेब वेगळा काढल्यावरही. म्हणून जाड हृदयच स्मृती घालवतं, असं सिद्ध होत नाही. पण आत बराच काळ काहीतरी बिघडत आलंय, याची ती खूण नक्की आहे.

आणि ही खूण पुसता येते. ‘स्प्रिंट’ या चाचणीत पन्नाशी ओलांडलेले ९,३६१ जण होते. निम्म्यांचा वरचा रक्तदाब १४०च्या खाली ठेवण्याचं लक्ष्य होतं, निम्म्यांचा १२०च्या खाली. दुसऱ्या गटात हृदय नव्याने जाड होण्याचा धोका ४६ टक्क्यांनी घटला. आधीच जाड झालेलं हृदय पूर्ववत होण्याचं प्रमाणही वाढलं. २०१९मध्ये मेंदूचे निष्कर्ष आले: बुद्धीची सौम्य घसरण १९ टक्क्यांनी कमी. डिमेन्शियातली घट मात्र ठामपणे सांगण्याइतकी मोठी नव्हती. कुणाचा रक्तदाब किती खाली आणायचा, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. झडप अरुंद असली किंवा आनुवंशिक आजार असला तरी भिंत जाड होते, तेही तेच तपासतील.

वाढलेलं बीपी दुखत नाही, म्हणूनच ‘बरं वाटतंय’ म्हणत गोळी सुटते. ती सोडू नका. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चमचाभर. ठेचा, लोणचं, पापड धरून.

घरातल्या वडीलधाऱ्यांची जुनी फाइल आज काढा. घाटी रुग्णालयातला असो वा गल्लीतल्या दवाखान्यातला, ईसीजी किंवा इकोच्या कागदावर ‘एलव्हीएच’ दिसलं, तर तो कागद घेऊन त्यांच्यासोबत डॉक्टरांकडे जा. हृदयासाठी जा, आणि तुमचं नाव त्यांच्या ओठांवर राहावं म्हणूनही जा.