निगेटिव्ह अहवाल कोणत्या दिवसाचा?

शनिवारी रात्री निरोधाशिवाय संबंध आला. सोमवारी पेणच्या किंवा रोह्याच्या सरकारी रुग्णालयात एचआयव्हीची चाचणी केली, अहवाल निगेटिव्ह आला. या अहवालातून शनिवारबद्दल काहीही कळत नाही. तो आधीच्या काळाबद्दल बोलतो.

लागण झाल्यावर पहिले सुमारे 10 दिवस विषाणू कोणत्याच चाचणीला सापडत नाही. मग रक्तात त्याचे जनुकीय द्रव्य दिसू लागते. नॅट चाचणी ते 10 ते 33 दिवसांत ओळखते. त्यानंतर विषाणूचे पी-24 हे प्रथिन वाढते. ते आणि प्रतिपिंडे एकत्र शोधणाऱ्या प्रयोगशाळेतील चाचणीला 18 ते 45 दिवस लागतात. केवळ प्रतिपिंडे शोधणाऱ्या झटपट चाचणीला 23 ते 90 दिवस लागतात, कारण प्रतिपिंडे शरीराला स्वतः तयार करावी लागतात. लागण झाल्यापासून ती चाचणीत दिसेपर्यंतचा हा काळ म्हणजे ‘विंडो पीरियड’. या काळात अहवाल निगेटिव्ह असला तरी लागण दुसऱ्याला होऊ शकते, म्हणून निरोध वापरावाच.

मग सोमवारी जाऊन उपयोग काय? उपयोग फार मोठा आहे. जोखमीनंतर 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घेतलेली औषधे (पीईपी) बहुतेक वेळा विषाणूला शरीरात मूळ धरू देत नाहीत. जितक्या लवकर, तितके चांगले. सुई टोचली असो वा लैंगिक अत्याचार झाला असो, थांबू नये. गावात सोय झाली नाही, तर त्याच दिवशी अलिबागचे जिल्हा रुग्णालय गाठावे.

पुढची चाचणी सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी करावी. मध्ये नवी जोखीम नसेल आणि तीन महिन्यांनीही अहवाल निगेटिव्ह असेल, तर निश्चिंत व्हावे. पीईपी घेतली असल्यास शेवटच्या चाचणीची तारीख डॉक्टर ठरवतील. लक्षणांवर विसंबू नये: सुरुवातीचा ताप, पुरळ, घसादुखी रायगडच्या पावसाळ्यातल्या कुठल्याही तापासारखीच असते, आणि अनेकांना काहीच होत नाही.

छोट्या गावात सगळे ओळखीचे, म्हणून पाऊल अडखळते. पण 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने चाचणीसाठी संमती आणि गोपनीयता हे तुमचे हक्क आहेत. सरकारी केंद्रात चाचणी, समुपदेशन आणि पुढे गरज पडल्यास औषधेही मोफत मिळतात. नियमित औषधाने रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर तो लैंगिक संबंधातून पसरत नाही. माहितीसाठी 1097 हा मोफत क्रमांक आहे. लाजेपोटी ते 72 तास हातचे घालवू नका.