दरोड्याचा सूत्रधार

१९ मार्च १९८७ रोजी मुंबईत ऑपेरा हाऊसजवळच्या त्रिभुवनदास भीमजी झवेरी यांच्या पेढीवर सरकारी छापा पडला; निदान पेढीतल्या माणसांना तसे वाटले. स्वतःला मोन सिंग म्हणवणाऱ्या एका माणसाने दोनच दिवस आधी वर्तमानपत्रात जाहिरात देऊन गुप्तचर आणि सुरक्षा अधिकाऱ्यांच्या जागांसाठी पदवीधरांना बोलावले होते. ताज हॉटेलात मुलाखती झाल्या, सव्वीस जण निवडले गेले आणि त्यांनाच बसमध्ये घालून तो पेढीत शिरला. त्याने झडतीचे वॉरंट दाखवले, दागिन्यांचे ‘नमुने’ मोहरबंद पिशव्यांत भरून घेतले, नव्या अधिकाऱ्यांना पहाऱ्यावर उभे केले आणि तो निघून गेला. गेलेल्या ऐवजाची किंमत तीस लाखांच्या वर सांगितली गेली. माणूस कधीच सापडला नाही. दरोडा संघाने घातला होता, पण म्होरक्या सोडला तर संघातल्या एकालाही आपण दरोडा घालतो आहोत याची कल्पना नव्हती.

चौघांनी मिळून दरोडा घालण्याच्या व्हिडिओ गेमची समीक्षा वाचताना गिरगावच्या शेजारची ही घटना समोर ठेवायला हवी. स्टॉकहोमच्या ओव्हरकिल या कंपनीने २०११ मध्ये ‘पेडे : द हाइस्ट’ आणि ऑगस्ट २०१३ मध्ये ‘पेडे २’ हे गेम काढले. डॅलस, होक्स्टन, चेन्स आणि वुल्फ अशी मुखवटे घातलेली चौकडी. तिजोरीला ड्रिल लावायचे, ते मध्येच अडकले की पुन्हा चालू करायचे, ओलीस सांभाळायचे, पोलिसांच्या लाटा थोपवायच्या आणि लुटीच्या जड पिशव्या गाडीपर्यंत वाहून न्यायच्या. बेन नावाचा सूत्रधार पडद्याआडून कानात सूचना देत असतो. ‘पेडे २’चे समीक्षकांनी स्वागत केले, पीसीवर त्याला शंभरापैकी सरासरी ऐंशीच्या आसपास गुण पडले. तीन ओळखीचे मित्र सोबत असतील तर यासारखी मजा नाही, हा कौतुकाचा सूर होता. तक्रार संगणकाने चालवलेल्या साथीदारांबद्दल होती: सुरुवातीला ते पिशवी उचलायलाही तयार नसत, त्यामुळे एकट्या खेळाडूचे हाल होत. दोन्ही निरीक्षणे अचूक आहेत. पण ती चौघांच्या आपसातल्या वागण्यापाशी थांबतात. दरोड्याच्या खेळात एक पाचवा भागीदारही असतो, तो म्हणजे खेळ बनवणारा. त्याला काय ठाऊक आहे आणि त्यातले किती त्याने खेळणाऱ्यांना सांगितले आहे, हे तपासल्याशिवाय अशा गेमचे मूल्यमापन अपुरे राहते, असे माझे म्हणणे आहे.

याचा पुरावा ‘पेडे’च्याच पुढच्या इतिहासात आहे. खेळात पुन्हा पुन्हा पैसे मागणारी दुकानदारी आणणार नाही, असे कर्त्यांनी ‘पेडे २’च्या वेळी सांगितले होते. ऑक्टोबर २०१५ मध्ये त्यांनी नेमके तेच आणले: खेळताना बंद तिजोऱ्या मिळत, त्या उघडण्याचे ड्रिल मात्र खऱ्या पैशांनी विकत घ्यावे लागे, आणि आतून निघणाऱ्या काही रंगीत आवरणांमुळे बंदुकीची ताकदही वाढे. खेळणारे खवळले. हा गेम आपसात हरण्या-जिंकण्याचा नाही, एकाची बंदूक थोडी सरस झाली तर बाकीच्या तिघांचे नुकसान कुठे होते, असा युक्तिवाद तेव्हा करता येत होता आणि हिशेबापुरता तो खराही आहे. पण राग शेजारच्या साथीदारावर नव्हताच. ज्याच्या शब्दावर लोक दोन वर्षे या टोळीत राबले, त्या सूत्रधाराने अटी मधेच बदलल्या, याचा तो राग होता. २०१६ मध्ये मालक कंपनी स्टारब्रीझने गेमचे हक्क पूर्णपणे आपल्याकडे घेतले आणि तिजोऱ्या फुकट उघडू लागल्या. या सगळ्या उलथापालथीचा मागमूस २०१३ च्या गुणांकनात नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या ‘पेडे ३’ने हीच गोष्ट आणखी उघड केली. हा गेम एकट्याने खेळायचा तरी कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेले राहणे सक्तीचे होते, आणि पहिल्याच दिवसांत खेळाडूंची जुळणी करणारी यंत्रणा कोसळली. पैसे मोजलेले लोक दरोड्यापर्यंत पोहोचूच शकले नाहीत. सर्व्हर पडणे हा तांत्रिक अपघात आहे, कलाकृतीच्या समीक्षेत त्याला जागा कशाला, असा आक्षेप इथे घेतला जातो. यंत्रणा कोसळली हा अपघात मानता येईल. तिच्यावाचून एकट्यालाही खेळता येऊ नये, हा मात्र विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. ज्या खेळाचा सगळा जीव चौघांच्या भेटीत आहे, तिथे भेटीची व्यवस्था हाच रचनेचा गाभा असतो. काही आठवड्यांतच दहा वर्षे जुन्या ‘पेडे २’वर नव्या गेमपेक्षा जास्त खेळाडू दिसू लागले. मार्च २०२४ मध्ये कंपनीच्या प्रमुखांना पद सोडावे लागले आणि त्याच वर्षी एकट्याने खेळण्याची निराळी सोय करण्यात आली.

समीक्षकाने प्रकाशनाच्या दिवशी हातात आहे तेवढ्यावरच लिहावे, पुढचे भाकीत त्याने कसे करायचे, ही अडचण मात्र खरी आहे आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तिचे उत्तर दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहात वर्षानुवर्षे सापडत आले आहे. नाटकाचा पहिला प्रयोग आणि शंभरावा प्रयोग एकसारखा नसतो. नट बदलतो, प्रवेश कापला जातो, आणि जाणता प्रेक्षक दुसऱ्यांदा पाहिलेल्या नाटकाबद्दल नव्याने मत देतो. जो गेम विकल्यानंतरही दहा वर्षे बदलत राहतो, त्याचे परीक्षण एकदाच करून मोकळे होणे ही पद्धतच चुकीची आहे. शिवाय, हा गेम इंटरनेटशिवाय चालेल का, आज दिलेल्या अटी उद्या कोण बदलू शकतो, हे प्रश्न पहिल्या दिवशीही विचारता येतात.

गुन्ह्याचे उदात्तीकरण ही या गेमवरची सर्वात जुनी तक्रार. ती मला फारशी पटत नाही. ‘पेडे २’मध्ये निरपराध नागरिक मारला तर कमाईतून दंड कापला जातो आणि पकडले गेल्यावर सुटकेला उशीर लागतो, म्हणजे गेमला स्वतःची, तोकडी का होईना, आचारसंहिता आहे. खेळणारा मुखवटा चढवतो तो स्वखुशीने, आपण काय करतो आहोत हे पक्के जाणून. ऑपेरा हाऊसच्या सव्वीस जणांना ही निवडच मिळाली नव्हती. त्यांची फसवणूक पेढीच्या फसवणुकीहून कमी नव्हती. दागिने पेढीचे गेले, पण नोकरी मिळाल्याचा आनंद आणि स्वतःची पत या तरुणांनी गमावली.

म्हणूनच याच दरोड्यावर बेतलेल्या, २०१३ च्या फेब्रुवारीत आलेल्या नीरज पांडे यांच्या ‘स्पेशल २६’ या चित्रपटाकडे पुन्हा पाहावेसे वाटते. समीक्षकांनी त्यातली पटकथेची पकड आणि ऐंशीच्या दशकाचा बारकाईने उभा केलेला काळ वाखाणला, प्रेमकथा आणि गाणी यांना नावे ठेवली. अक्षय कुमार, अनुपम खेर, राजेश शर्मा आणि आपले किशोर कदम अशी चौकडी पांडे यांनी रचली. खऱ्या घटनेतल्या एकट्या माणसाच्या जागी ही एकमेकांना ओळखणारी, एकमेकांवर विश्वास टाकणारी टोळी आली, आणि प्रेक्षकाला तिच्या बाजूने उभे राहणे सोपे झाले. चित्रपट म्हणून तो उत्तम जमला आहे. पण या बदलाची किंमत सव्वीस उमेदवारांनी मोजली: शीर्षकात त्यांचा आकडा आहे, कथेत ते गर्दी म्हणून उरले. परीक्षणांनी प्रेमकथेवर जी शाई खर्च केली, तिच्यातली थोडी या अदलाबदलीवर खर्च व्हायला हवी होती, कारण पेढीवरच्या दरोड्याची सगळी रचना त्या सव्वीस जणांच्या अज्ञानावर उभी होती.