रूट करावे, पण कशासाठी?

फोन दोन-तीन वर्षांचा होऊन अडखळू लागला, की सुचवल्या जाणाऱ्या उपायांत एक हटकून असतो: फोन रूट करा. रूट केले की कंपनीने लादलेली ॲप्स जातात, जागा मोकळी होते, बॅटरी टिकते, फोन पुन्हा पळू लागतो, असा या उपायाचा लौकिक आहे. यूट्यूबवरचे व्हिडिओ तर हे काम काही मिनिटांचे असल्याचे सांगतात. बँका आणि फोन बनवणाऱ्या कंपन्या मात्र रूट केलेल्या फोनकडे संशयानेच पाहतात. या दोन्ही भूमिका मला अर्धवट वाटतात. रोजच्या ज्या तक्रारींना कंटाळून सामान्य माणूस या वाटेला जातो, त्यांवर रूट हा आज उपायच नाही. उलट ज्या एका कारणासाठी फोनचा ताबा आपल्या हाती घेणे खरोखर उपयोगाचे ठरते, नेमक्या त्या कारणाची वाट अरुंद होत चालली आहे. फोन आणि टॅब्लेट दोहोंना हे सारखेच लागू पडते.

आधी रूट म्हणजे काय ते पाहू. अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्स आहे. लिनक्समध्ये एकाच यंत्रावर अनेक वापरकर्ते असू शकतात आणि त्यांतल्या शून्य क्रमांकाच्या वापरकर्त्याला, म्हणजे रूटला, जवळजवळ कशाचीच आडकाठी नसते. अँड्रॉइडने या जुन्या व्यवस्थेचा उपयोग मोठ्या युक्तीने केला. त्याने फोनवरच्या प्रत्येक ॲपलाच स्वतंत्र वापरकर्ता मानले आणि वेगळा क्रमांक दिला. चाळीत प्रत्येक बिऱ्हाडाची खोली वेगळी आणि कुलूपही वेगळे असते, तसे हे झाले. टॉर्चच्या ॲपला बँकेच्या ॲपमधली माहिती वाचता येत नाही ती यामुळेच. सगळ्या खोल्यांना लागणारी किल्ली मात्र फोनच्या मालकालाही दिलेली नसते, आणि ती मिळवणे म्हणजे रूट करणे. याच्याशी दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. फोन सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमांपैकी बूटलोडर हा कंपनीने मान्य केलेलीच प्रणाली चालू देतो, आणि ही अट काढून टाकणे म्हणजे बूटलोडर अनलॉक करणे. कंपनीच्या प्रणालीऐवजी दुसऱ्यांनी तयार केलेली प्रणाली फोनमध्ये टाकली, तर तिला कस्टम रॉम म्हणतात. बहुतेक वेळा अनलॉक केल्याशिवाय बाकीची दोन्ही कामे होत नाहीत. पण कस्टम रॉम टाकला म्हणजे फोन रूट झाला असे नाही. लिनिएजओएस हा प्रसिद्ध रॉम मुळात रूटशिवायच येतो. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

रूटचा लौकिक खोट्यावर उभा राहिलेला नाही, हे मान्य करायला हवे. पहिला अँड्रॉइड फोन, टी-मोबाइल जी१, ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेत विक्रीला आला आणि पुढच्याच महिन्यात त्यातला एक अजब दोष उघड झाला. कीबोर्डवर टाइप केलेली अक्षरे पडद्यावर उमटतच, शिवाय आत रूटचे आदेश म्हणूनही चालत. कोणाला निरोप लिहिताना ‘रीबूट’ हा इंग्रजी शब्द टाइप केला, तर फोन खरोखर बंद होऊन पुन्हा सुरू होई. गूगलने तो दोष लगेच दुरुस्त केला, पण तोवर हौशी लोकांना दार सापडले होते. त्या काळात दार शोधण्याला कारणेही होती. साधा स्क्रीनशॉट काढण्याची सोय अँड्रॉइडमध्ये अधिकृतपणे २०११ च्या ४.० आवृत्तीत आली. त्याआधी अनेक फोनांवर त्यासाठीही रूट लागे. मराठी वाचकांचे कारण याहून मोठे होते. सुरुवातीच्या अनेक अँड्रॉइड फोनांवर देवनागरी मजकुराच्या जागी नुसते चौकोन दिसत आणि अक्षरे दिसलीच तर जोडाक्षरे तुटलेली, ऱ्हस्व वेलांटी भलत्या जागी. फाँट प्रणालीच्या फोल्डरमध्ये टाकायचा तर रूट हवे. आपल्याच भाषेतला निरोप वाचण्यासाठी फोन रूट करणाऱ्याला कोणी अविचारी म्हणू नये. पण ही कारणे एकेक करून संपत गेली. देवनागरी प्रणालीतच आली. नको ती ॲप्स निष्क्रिय करण्याची सोय ४.० मध्ये आली. कॅमेरा, संपर्क, ठिकाण यांची परवानगी ॲपनिहाय देण्या-काढण्याचा अधिकार २०१५ च्या ६.० आवृत्तीने दिला. रूट करणाऱ्यांनी जे आधी घडवून दाखवले, त्यातले बरेचसे गूगलने पुढे सर्वांना देऊ केले.

म्हणून आजच्या तक्रारी आजच्याच उजेडात तपासल्या पाहिजेत. सर्वांत मोठी तक्रार जागा भरल्याची. ही जागा प्रणालीने खाल्लेली असते त्यापेक्षा व्हॉट्सॲपवर आलेल्या व्हिडिओंनी आणि फोटोंनी खाल्लेली असण्याचा संभव अधिक. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेजचा हिशेब उघडला की कोणत्या ग्रुपने किती जागा अडवली ते दिसते. प्रणालीसोबत आलेली ॲप्स रूट करून काढली, तरी ती जागा सहसा आपल्या फाइलींच्या वाट्याला येत नाही, कारण प्रणालीचा कप्पा वेगळा राखलेला असतो. दुसरी तक्रार बॅटरीची. लिथियम-आयन बॅटरी चार्जिंगच्या फेऱ्यांनी आणि उष्णतेने झिजते, ती रासायनिक झीज कोणत्याही सॉफ्टवेअरने भरून निघत नाही. बॅटरी बदलणे हाच तिथे उपाय. तिसरी तक्रार लादलेल्या ॲप्सची. जी ॲप्स ‘डिसेबल’ होत नाहीत, तीही फोन संगणकाला जोडून, डेव्हलपर ऑप्शन्समधले यूएसबी डीबगिंग चालू करून, एडीबी या गूगलच्याच साधनाने आपल्या खात्यापुरती काढता येतात. त्यासाठी रूट लागत नाही आणि फॅक्टरी रीसेट केल्यावर ती परत येतात, म्हणजे चूक झाली तरी सुधारता येते. चौथी तक्रार ॲप्स अचानक बंद पडण्याची. मार्च २०२१ मध्ये जगभरातल्या अँड्रॉइड फोनांवर जीमेलसकट अनेक ॲप्स उघडताच बंद होऊ लागली होती. कारण होते वेबव्ह्यू नावाच्या एका अंतर्गत घटकाचे सदोष अपडेट. ते काढले किंवा नवे अपडेट घेतले की काम झाले. त्या दिवशी ज्यांनी घाईने फोन रीसेट केला, त्यांनी विनाकारण त्रास घेतला. फोन सतत हँग होत असेल, तर तो सेफ मोडमध्ये, म्हणजे नंतर टाकलेली ॲप्स बंद ठेवून, सुरू करून पाहावा. तिथे नीट चालला, तर दोष आपण नंतर टाकलेल्या एखाद्या ॲपचा आहे हे कळते. फोन कंपनीच्या नावापाशीच अडकून पुन्हा पुन्हा सुरू होत असेल, तर आधी रिकव्हरी या दुरुस्तीच्या मेनूमधून कॅशे साफ करण्याचा पर्याय असल्यास तो वापरावा, मग रीसेट, आणि शेवटी त्याच मॉडेलची कंपनीची मूळ प्रणाली पुन्हा टाकणे, ज्याला दुरुस्तीच्या दुकानात ‘सॉफ्टवेअर मारणे’ म्हणतात. या सगळ्या यादीत रूटची पायरी कुठेच येत नाही.

येत नाही एवढ्यावर भागत नाही. रूटची किंमतही मोठी आहे. बूटलोडर अनलॉक करताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. हे मालकाला त्रास देण्यासाठी केलेले नाही: तसे नसते, तर चोरलेला फोन अनलॉक करून कोणालाही आतली माहिती काढता आली असती. त्यानंतर फोन प्रत्येक वेळी सुरू होताना इशारा दाखवतो. सॅमसंगच्या फोनांत तर नॉक्स या सुरक्षाव्यवस्थेसाठी चिपमध्ये एक सूक्ष्म फ्यूज असतो. अनधिकृत प्रणाली टाकली की तो उडतो, आणि मूळ प्रणाली पुन्हा टाकली तरी तो परत जुळत नाही. सिक्युअर फोल्डरसारख्या सोयी त्या फोनवर कायमच्या बंद होतात. बऱ्याच कंपन्या वॉरंटीही नाकारतात. चुकीच्या मॉडेलची किंवा जुनी फाइल टाकली गेली, तर फोन ब्रिक होतो, म्हणजे सुरूच होत नाही. ‘एका क्लिकवर रूट’ करून देणारी ॲप्स तर याहून धोक्याची. अशी ॲप्स प्रणालीतल्या दुरुस्त न झालेल्या दोषाचा फायदा घेतात, आणि तोच दोष चोरांनाही उपयोगी पडतो. २०११ मध्ये गूगलच्या अधिकृत बाजारातच पन्नासहून अधिक ॲप्समध्ये ड्रॉइडड्रीम हा घातक प्रोग्रॅम सापडला. तो मालकाच्या नकळत फोन रूट करून घेत असे. २०१६ मध्ये गूलिगन नावाच्या अशाच प्रोग्रॅमने दहा लाखांहून अधिक गूगल खात्यांत शिरकाव केला होता. या दोन्ही वेळी बळी पडलेल्यांनी स्वतः रूट मागितलेही नव्हते. ज्याला आतले फारसे कळत नाही, त्याने ते मागून घेण्यात किती जोखीम आहे, हे यावरून समजावे.

यावर पहिला आक्षेप मालकीचा, आणि तो हलका नाही. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूवर अंतिम अधिकार विकणाऱ्याचा का असावा? अमेरिकेत काँग्रेसच्या ग्रंथालयाने २०१० मध्ये स्वामित्वहक्क कायद्यातून फोनच्या अशा मोकळिकीला सूट दिली आणि २०१५ मध्ये ती टॅब्लेटलाही लागू केली. भारतात स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावताना, आधीच भरलेली गूगलची ॲप्स काढण्यापासून ग्राहकाला अडवू नये, असेही बजावले होते. पुढच्या वर्षी अपिलीय न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण हा आदेश रद्द केला. म्हणजे प्रश्न कायद्याच्या दारातही उभा आहे. तरीही अधिकार असणे आणि तो रोज वापरणे या वेगळ्या गोष्टी आहेत. रूट कोणी करू नये, असे मी म्हणत नाही. ते करण्याचा अधिकार मालकाकडेच असावा आणि बॅटरी लवकर उतरते म्हणून तो खर्ची घालू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

मग तो खर्ची घालावा कधी? कंपनीने फोन वाऱ्यावर सोडला की. याचे वनप्लस वन इतके बोलके उदाहरण दुसरे नाही. २०१४ मध्ये आलेला हा फोन सायनोजेन या कंपनीच्या प्रणालीवर चाले. भारतात त्याची विक्री डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झाली, तोच सायनोजेनचे भारतातले हक्क आपल्याकडे असल्याचे सांगत मायक्रोमॅक्स दिल्ली उच्च न्यायालयात गेली, आणि काही दिवस विक्रीच थांबली. ग्राहकाने घेतलेल्या फोनला अपडेट मिळणार की नाही, हे दोन कंपन्यांच्या करारावर अवलंबून राहिले. २०१६ च्या अखेरीस सायनोजेनने गाशा गुंडाळला. फोनची अधिकृत वाटचाल अँड्रॉइड ६ वर संपली. पण त्याचा बूटलोडर सहज अनलॉक होत असे, म्हणून लिनिएजओएसच्या स्वयंसेवकांनी त्याला अँड्रॉइड ११ पर्यंत नेले. चिपच्या बंदिस्त भागांतले दोष स्वयंसेवकांना दुरुस्त करता येत नाहीत, म्हणून अशा फोनला नव्या फोनाइतका सुरक्षित म्हणता येणार नाही. मात्र वर्षानुवर्षे एकही दुरुस्ती न मिळालेल्या फोनपेक्षा तो नक्कीच बरा. आणि लक्षात घ्या, इथे रूट लागले नाही, लागला तो अनलॉक होणारा बूटलोडर. ही वाट मात्र अरुंद होत आहे: हुआवेने २०१८ मध्ये अनलॉकचे कोड देणे बंद केले. इतर काही कंपन्यांनीही प्रतीक्षेच्या आणि परवानग्यांच्या अटी वाढवल्या. आयफोन आणि आयपॅडला तर असा अधिकृत मार्ग कधी नव्हताच.

दुसरा आक्षेप बँकांचा. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२१ च्या निर्देशांत, फोन रूट केलेला आहे का हे तपासून तसे असल्यास ॲप चालू न देण्याची शक्यता अजमावावी, असे बँकांना सांगितले. यूपीआयवर भाजीवालीचे पैसे देणाऱ्या देशात ही काळजी योग्यच आहे. रूट मिळालेले घातक ॲप बँकेच्या खोलीतही शिरू शकते. अडचण मोजमापाची आहे. कित्येक वर्षे दुरुस्ती न मिळालेला, पण कंपनीची प्रणाली असलेला फोन पुष्कळदा या तपासणीतून सुटतो, आणि ताज्या दुरुस्त्या असलेला अनलॉक फोन मात्र अडतो. प्रणालीवर शिक्का कोणाचा आहे यापेक्षा तिच्यातले ज्ञात दोष बुजवले आहेत का, हे पाहणे सुरक्षेच्या अधिक जवळचे आहे. तोवर व्यवहार्य मार्ग असा की जुना, अनलॉक केलेला फोन किंवा टॅब्लेट वाचन, संगीत, मुलांचा अभ्यास यांसाठी ठेवावा आणि पैशांचे व्यवहार कंपनीच्या अद्ययावत प्रणालीवरच करावेत.

या सगळ्यातून निघणारी मागणी रूटची नाही, फोनच्या आयुष्याची आहे. युरोपीय संघात जून २०२५ पासून लागू झालेले नियम फोन आणि टॅब्लेट बनवणाऱ्यांना, मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षे अपडेट देण्यास बांधतात. गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ ला सात वर्षांचा शब्द दिला, पण ते महागडे फोन आहेत. आपल्याकडे सर्वाधिक खपणाऱ्या स्वस्त फोनांना ही मुदत सहसा बरीच कमी मिळते. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, पण त्या हक्कात सॉफ्टवेअर धरले नाही, तर तो अर्धाच राहतो. कंपनीने अपडेट थांबवले त्या दिवशी अनलॉकची किल्ली मालकाला विनाअट मिळावी, एवढा एक नियम झाला तरी लाखो फोन कपाटात पडण्याऐवजी वापरात राहतील. आणि ग्राहकाने फोन घेताना कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल विचारण्याआधी अपडेट किती वर्षे मिळणार आणि बूटलोडर अनलॉक होतो का, हे दोन प्रश्न विचारायला सुरुवात केली, तर दुकानदाराला आणि त्याच्यामागच्या कंपनीला उत्तरे तयार ठेवावी लागतील.