एसीवाल्याच्या व्हॅनमधली मांडणी
एसी दुरुस्त करणारे व्हॅन भरताना बहुधा मोठं सामान आधी कोंबतात आणि उरलेल्या फटींत बाकीचं. हा क्रम उलटा हवा. भर मे महिन्यात बाहेरचं युनिट बंद पडतं तेव्हा दोषी बऱ्याचदा कपॅसिटर निघतो. म्हणून तो आणि मल्टिमीटर मागचं दार उघडताच हाताला लागले पाहिजेत. कपॅसिटरचे डबेही मायक्रोफॅरडच्या आकड्यांप्रमाणे वेगळे हवेत, कारण ३५च्या जागी ५०चा बसवून चालत नाही. व्हॅक्यूम पंप कलंडला की तेल सांडतं, म्हणून तो खाली, पट्ट्याने बांधून. गॅसच्या सिलिंडरबाबत तर तडजोडच नको. नव्या एसींतला आर-३२ हा गॅस सौम्य ज्वलनशील आहे आणि उन्हात उभी असलेली बंद गाडी भट्टीसारखी तापते. सिलिंडर उभा, बांधलेला आणि हवा खेळती. रात्री तो गाडीत ठेवूच नये.

“कुठे काय आहे ते मला पाठ आहे,” असं जुने मेकॅनिक म्हणतात. असेलही, पण फ्लेअर नट आणायला जिना उतरतो तो हेल्पर, त्याला कुठे पाठ असतं? रॅकचा खर्च परवडत नाही, हा आक्षेप मात्र रास्त आहे. तिथे भाजीबाजारातले प्लास्टिकचे क्रेट आणि ठळक अक्षरांतल्या चिठ्ठ्या यांवरही भागतं.